आमच्या शेडमधला माळा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोघातिघांनी मेल करून विचारलं, बाई, आहात ना? आहे. माळ्यावर होते. शब्दशः.

नेहमीच्या वाचकांना आमची शेड ठाऊक आहे. (नवीन आलेल्यांसाठी: जालना एमआयडीसीत आमचं छोटंसं युनिट आहे. बियाणे कंपन्यांना लागणारी पाकिटं छापायची, कापडी पिशव्या शिवायच्या. बाबा २०१९मध्ये गेले, तेव्हापासून मी बघते. काका भागीदार. दादा पुण्याला आयटीत, तो फक्त सल्ले देतो.) गेल्या दिवाळीत या शेडमधल्या माळ्यावरून आमच्या घरी जे रामायण झालं, त्यात मला काही धड बोलू दिलं गेलं नाही. फराळाच्या ताटावर भांडायचं नाही हा आईचा नियम, आणि तो फक्त मलाच लागू. म्हणून इथे बोलते. नातेवाईक मंडळी हे वाचणार हे मला पक्कं माहीत आहे. काका, तुम्हीही वाचणार, चष्मा पुसून दोनदा वाचणार. वाचा, रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी माळ्याबद्दल. शेड ९२ सालची. प्लॉट हजार चौरस मीटरचा, ९५ वर्षांच्या लीजचा, एमआयडीसीत सगळ्यांचा असतो तसा. शेड चाळीस बाय साठ फूट, वर सिमेंटचे पत्रे. नकाशा मंजूर, कम्प्लीशन सर्टिफिकेट फाइलला लावलेलं, सगळं रीतसर. माळा आला त्यानंतर दोन वर्षांनी, ९४मध्ये. बाबांना हिशेबाला बसायला शांत जागा हवी होती आणि काकांना दुपारी पाठ टेकायला. भंगारात चांगले गर्डर मिळाले, मिस्त्री ओळखीचा होता. एका बाजूला भिंतीत खाचा पाडून गर्डर बसवले, दुसऱ्या बाजूला चार पाइपांचे खांब, वर अँगल, अँगलवर शहाबादी फरशी. वीस बाय तीस फूट. शेडच्या बरोबर चौथा हिस्सा. चढायला लोखंडी जिना, एका माणसापुरता. आठ दिवसांत काम झालं, नवव्या दिवशी आईने वर जाऊन नारळ फोडला.

मी दहावीचा अभ्यास त्या माळ्यावर केलाय. खाली शिलाई मशिनांचा आवाज, वर कूलर, माठातलं पाणी, आणि बाबा टेबलाच्या पलीकडे कार्बन पेपर लावून बिलं करत बसलेले. त्यामुळे माळा पाडायला निघालेली ही कोण उपरी, असं जे आत्या म्हणाली ते मला लागलं. मी उपरी नाही. त्या माळ्यावर माझ्याइतका वेळ घरातल्या दुसऱ्या कुणीच काढला नसेल.

पण मग पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. हिशेब कॉम्प्युटरवर आले आणि टेबल खाली आलं. माळा रिकामा राहिला, आणि कारखान्यात रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही. आधी जुन्या फाइली गेल्या. मग पिशव्यांचे गठ्ठे. मग छापायच्या कागदाचे आणि प्लास्टिक फिल्मचे रोल, कारण पावसाळ्याआधी बियाण्याचा सीझन असतो आणि माल ठेवायला खाली जागा पुरत नाही. आणि मग माणसं. २०२०च्या लॉकडाऊननंतर बिहारकडची चार पोरं परत आली, खोली मिळेना, भाडं परवडेना. मीच म्हटलं, वर झोपा. हे मी म्हटलं होतं, काकांनी नाही, हे इथे लिहून ठेवते. नाहीतर ही पोस्ट म्हणजे शहाण्या मुलीने म्हाताऱ्या काकांवर घेतलेली उलटतपासणी वाटेल.

आपल्या भाषेत 'माळा' हा शब्द फार निरागस आहे. माळा म्हटलं की पापडांचे डबे, गौरी-गणपतीचं सामान, लग्नातली पितळी भांडी. नियमाच्या भाषेतही बहुतेक ठिकाणी लॉफ्ट म्हणजे हेच: सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे माणूस ताठ उभा राहू शकत नाही एवढी. ताठ उभं राहता आलं, टेबल मांडता आलं, खाट टाकता आली की तो माळा राहत नाही, तो मजला होतो. मेझनाइन. राष्ट्रीय बांधकाम संहितेत त्याला उंची किमान २.२ मीटर लागते आणि तो इमारतीच्या जोत्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा असून चालत नाही. आमच्याकडे वरची उंची आठ फूट आहे. तीस वर्षं आम्ही सगळे एका मजल्याला माळा म्हणत आलो, आणि माळ्याला कुठे परवानगी लागते असं एकमेकांना सांगत आलो.

२०२५च्या ऑगस्टमध्ये नवीन छपाई मशिनच्या कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर आला. तरुण मुलगा, हातात मंजूर नकाशाची झेरॉक्स. त्याने नकाशा बघितला, वर बघितलं, परत नकाशा बघितला. म्हणाला, मॅडम, हे यात नाहीये. मी म्हटलं, हो, नाहीये. एवढंच. पण त्याच्या रिपोर्टात ते एक वाक्य आलं आणि आमच्या घरात दिवाळी आली.

सल्ले काय काय आले? एका सल्लागाराने (नाव कशाला घ्या) फोनवर सांगितलं की फरशी आणि अँगल उतरवून ठेवा, फोटो काढा, कर्ज झालं की परत चढवा, चार दिवसांचं काम. दादा म्हणाला, दंड काय असेल तो भरून टाक आणि विषय संपव. आत्या म्हणाली, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, तू कशाला उकरून काढतेस. आणि काका म्हणाले, "आजूबाजूच्या दहा शेडा बघून ये. माळा नाही अशी एक दाखव."

या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे, बघा. एकानेही विचारलं नाही की माळा मजबूत आहे का.

आत्याचं आधी घेते, कारण 'इतकी वर्षं काही झालं नाही' हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं. गृहस्थ साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी माझ्याकडून स्टॉकची वही मागितली. कागद आमच्याकडे किलोवर येतो, त्यामुळे वर काय चढवलंय ते वहीत किलोंतच होतं. बेरीज आली साडेबारा टन. मी दोनदा केली. आणि ते साडेबारा टन पूर्ण माळ्यावर पसरलेले नव्हते, जिन्याजवळ, चढवायला सोपं म्हणून, एक तृतीयांश जागेत रचलेले होते. म्हणजे तेवढ्या भागात चौरस मीटरला साधारण पावणेसातशे किलो.

मग त्यांनी मला समजावलं ते असं. इमारतीवर येणाऱ्या भारांचं भारतीय मानक आहे, ८७५ क्रमांकाचं, भाग दुसरा. राहायच्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरतात. गोदामाला धरतात मालाच्या उंचीप्रमाणे, मीटरमागे दोनशे चाळीस किलो, आणि कितीही कमी माल असला तरी साडेसातशेच्या खाली जायचंच नाही. बाबांच्या मिस्त्रीने टेबल, कूलर आणि पाठ टेकणारा एक माणूस डोळ्यांसमोर ठेवून माळा बांधला. आम्ही त्यावर त्याच्या तिप्पट वजन चढवलं. कागद म्हणजे कापूस नव्हे, घट्ट रचलेला कागद घनमीटरला सातशे-आठशे किलो भरतो, जवळजवळ पाण्याइतका.

त्यांनी दोरी ताणून दाखवली. मधल्या गर्डरला सव्वा इंच झोळ. दोन फरश्यांना तडे, त्यावर पोरांनी सतरंजी अंथरलेली. खांबांच्या बुडाशी उकरायला लावलं तर पाया नावाची गोष्टच नाही, नुसत्या कोब्यावर प्लेट ठेवून पाइप उभा केलेला. तेव्हा 'इतकी वर्षं काही झालं नाही' याचा अर्थ इतकाच, की पहिली पंचवीस वर्षं माळ्यावर फारसं काही नव्हतंच. ज्या माळ्याला काही झालं नाही तो हा माळा नाही.

आणि हे जालन्यात! इथल्या रोलिंग मिलमधली सळई घालून कुठकुठल्या गावांत स्लॅब पडतात. ट्रकच्या ट्रक जातात आमच्या दारावरून. आणि आम्ही चार पोरांना भंगारातल्या गर्डरवर झोपवलेलं.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते लिहिते.

३१ डिसेंबर २०२३. पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे, आमच्यापासून दीड-दोन तासांवर. कामगार आतच झोपलेले होते. सहाजण गेले. ती बातमी मी सकाळी चहा पिताना वाचली आणि कप ठेवून सरळ शेडवर गेले. रविवार होता, पोरं झोपलेली. मी पहिल्यांदा त्या माळ्याकडे मालकिणीच्या नाही, झोपलेल्या माणसाच्या नजरेने बघितलं. चार सतरंज्या. उशाला फिल्मचे रोल. एक इलेक्ट्रिक शेगडी. एकाच बोर्डात खोचलेले चार चार्जर. वर सिमेंटचे पत्रे, खिडकी नाही. उतरायला तो एकच जिना, आणि जिना जिथे उतरतो तिथे डाव्या हाताला मेन पॅनल. म्हणजे आग लागलीच तर ती बहुधा जिथून लागेल, तिथूनच पळायचं. रात्री शटर आतून कुलूपबंद, किल्ली खाली खिळ्याला.

काय केलं मी? शेगडी उचलून आणली. अग्निशामक सिलिंडर दोन घेतले. किल्ली वर ठेवायला सांगितली. आणि पोरांना तिथेच झोपू दिलं.

पुढे एप्रिल २०२४मध्ये संभाजीनगरच्या छावणीत टेलरिंगच्या दुकानाला आग लागली, वर राहणाऱ्या कुटुंबातली सात माणसं गेली. आग वर पोचली नव्हती, पण धूर पोचला. तेव्हाही मला माळा आठवला. तेव्हाही काही केलं नाही. सीझन तोंडावर होता. व्हॅल्युअर यायच्या आधी असे वीस महिने गेले. सहा माणसं मेल्यावर मी जे केलं नाही ते कर्ज अडकल्यावर केलं. त्यामुळे काका, मी तुमच्यापेक्षा शुद्ध आहे असा माझा अजिबात दावा नाही.

दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ला त्रेचाळीस माणसं गेली, तीही अशीच, कारखान्यात रात्री झोपलेली, बरीचशी बिहारची. तिथेही पिशव्या शिवायचं काम चालायचं. आमच्या पोरांपैकी एकाचा चुलतभाऊ तेव्हा दिल्लीतच अशाच एका ठिकाणी कामाला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं. तरी तो आमच्या माळ्यावर झोपत होता. कारण पर्याय काय होता?

आता दादाचा सल्ला. दंड भरून विषय संपव. दादा, तुझा राग नाही, कारण आख्खा महाराष्ट्र असाच विचार करतो. आपल्याकडे अनधिकृत बांधकामावर जी काही चर्चा होते ती दोनच गोष्टींची: तारीख कोणती आणि दर किती. मुंबईच्या झोपड्यांना आधी १ जानेवारी १९९५ ही तारीख होती, मग १ जानेवारी २००० झाली, मग सशुल्क का होईना २०११ आली. उल्हासनगरात शेकडो इमारती पाडायची वेळ आली तेव्हा २००६मध्ये त्या एका शहरासाठी वेगळा कायदा झाला. गुंठेवारीचा कायदा २००१चा, आमच्या मराठवाड्यात घरोघरी माहीत असलेला. २०२१मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत ओढली. नवी मुंबईत दिघ्याच्या नव्याण्णव इमारतींचं प्रकरण न्यायालयात गाजलं (त्यातल्या बऱ्याच एमआयडीसीच्याच जमिनीवर), आणि त्यानंतर २०१७मध्ये नगररचना कायद्यात ५२-क कलम आलं, ३१ डिसेंबर २०१५पर्यंतच्या बांधकामांसाठी. तारीख सरकत राहते. आणि प्रत्येक सरकलेली तारीख पुढच्या बांधणाऱ्याला सांगते, बांध रे, येईल तुझीही.

मला यात गरिबांच्या डोक्यावरचं छप्पर काढून घ्यायचं नाहीये. ज्याने गुंठाभर जमिनीवर घर बांधलं त्याला दुसरा रस्ता कुणी ठेवलाच नव्हता, त्याचं घर नियमित व्हायलाच हवं. माझं भांडण वेगळं आहे. तारीख बघून बांधकाम जुनं की नवं ते कळतं, भक्कम आहे का ते कळत नाही. उलट जुनं असणं ही माळ्याच्या बाबतीत चिंतेची गोष्ट आहे, सवलतीची नाही. गंज तारखेप्रमाणे माफ होत नाही.

आमची केस तर याहून लाजिरवाणी. आम्हाला कुठल्या माफीची गरजच नव्हती! हजार मीटरच्या प्लॉटवर आमची शेड सव्वादोनशे मीटरची. माळा धरला तरी पावणेतीनशे-दोनशे ऐंशी. चटईक्षेत्र ढीगभर शिल्लक. उंची बसते, एक तृतीयांशाच्या आत क्षेत्रफळ बसतं. इंजिनीअर म्हणाले, ९४मध्येच नकाशा टाकला असता तर मंजूर व्हायला अडचण दिसत नाही. मग का नाही टाकला? मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "नकाशा टाकला की इंजिनीअर आला, इंजिनीअर आला की पाया आला, पाया आला की खर्च आला." बरोबर! अगदी बरोबर. म्हणजे आम्ही टाळली ती परवानगी नव्हतीच, आम्ही पाया टाळला. आपण सगळे परवानगीला शिव्या देतो, खेटे, फाइली, टेबलं म्हणून. आणि त्या शिव्यांच्या आडोशाला खांबाखालचं काँक्रीट वाचवतो. (खेटे नसतात असं नाही. असतात. पण ते आमच्या कोब्याचं कारण नाहीत.)

हे फक्त आपल्याकडे, असं म्हणायची सोय मात्र माझ्या आत्येबहिणीने ठेवली नाही. ती इंग्लंडात रीडिंगला असते. तिने घेतलेल्या घराचा पोटमाळा आधीच्या मालकाने केव्हातरी बेडरूम करून टाकलेला, कागद काहीच नाही. तिकडे हा प्रकार इतका सर्रास आहे की त्यावर विमा मिळतो. थोडेसे पाउंड भरायचे, उद्या काउन्सिलने कारवाई केली तर नुकसान विमा कंपनी भरणार. आणि या पॉलिसीत नेहमीची अट काय, तर काउन्सिलशी संपर्क साधायचा नाही. विचारलंत तर विमा बाद! मी फोनवर हसत सुटले. म्हटलं, अगं, हा तर आपल्या आत्याचाच सल्ला, फक्त हप्ता भरून. 'कशाला उकरून काढतेस' याची छापील पॉलिसी. ती हसली नाही. म्हणाली, विमा पैशांचा आहे, जिना पेटला तर मुलांना खाली कोण आणणार?

पण तिकडे दुसरीही वाट आहे, आणि तिने ती धरली. ११ नोव्हेंबर १९८५नंतरचं काम असेल तर मागाहून अर्ज करता येतो, त्याला रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट म्हणतात. तपासनीस येतो आणि छताचा बोर्ड उघडायला लावू शकतो. वासे केवढे, जिना कसा, दार आग किती वेळ अडवेल, धूर ओळखणारे अलार्म आहेत का. नसेल तर करून घ्या, मग कागद. तिला दोन दारं बदलावी लागली आणि जमिनीखाली वासे वाढवावे लागले. खर्च झाला, कुरकुर झाली. पण नियमित करणं म्हणजे काय, तर हे. उघडून बघणं. पैसे भरून झाकण लावणं नव्हे.

सल्लागाराच्या सल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. उतरवा, फोटो काढा, चढवा. त्यात मला राग खोटेपणाचा कमी आला आणि वेल्डिंगचा जास्त. एकदा कापलेला अँगल परत चार दिवसांत टाके मारून जोडायचा, आणि त्यावर परत कागद आणि परत माणसं?

राहिलं काकांचं: आजूबाजूच्या दहा शेडा बघ. काका, मी बघून आले. खरंच. चहाच्या निमित्ताने सातांत गेले. सहांत माळा होता. एकात वर देवघर आणि पॅकिंग करणाऱ्या बायका, एकात नुसता भंगार माल, एकात माझ्यासारखीच सतरंज्यांची रांग. त्या मालकाला मी साडेबारा टनांची गोष्ट सांगितली. त्याने आधी मला कुठल्या खात्याची माणसं ओळखतेस असं विचारलं, मग गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, तुमच्या त्या इंजिनीअरचा नंबर द्या." एवढंही बोलणं आपल्यात आजवर झालेलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांकडे माळा आहे म्हणून कुणीच त्याचं नाव काढत नाही. आपण उद्योजक म्हणवणारी माणसं वीजबिलाच्या दरावर मोर्चे काढतो, रस्त्यांवर निवेदनं देतो, आणि आपापल्या छताखाली काय लोंबतंय यावर अवाक्षर नाही.

बरं, 'लहान माणसाला हे सगळं परवडत नाही' हे मी मान्य करते, कारण बिलं माझ्या टेबलावर आहेत. इंजिनीअरची फी, चार खांबांना पाया, दोन नवे गर्डर, बाहेरच्या भिंतीला दार पाडून दुसरा जिना, पॅनल हलवणं. नव्या मशिनचं सुरुवातीचं भांडवल जवळजवळ यातच गेलं. मशीन या वर्षी येणार नाही. सहा महिन्यांनी एकदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून आगीच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, २००६च्या कायद्यात आहे ते. त्याचा खर्च वेगळा. कुणी म्हणेल यात पिशव्यांचा धंदा कसा करायचा. मलाही नीटसं माहीत नाही. पण आमच्या धंद्याचा नफा त्या न घातलेल्या पायातून आणि न दिलेल्या खोलीभाड्यातून येत होता, तर तो नफा नव्हताच, उधारी होती. आणि ती आमच्या नावावर नव्हती.

पोरांचं सांगते. सप्टेंबरमध्ये मी त्यांना म्हटलं, माळा बंद. मला वाटलं होतं खूश होतील. :-( झालं उलटंच. मोठा म्हणाला, "दीदी, भाडा कौन देगा?" धाकट्याला वाटलं त्याचं काहीतरी चुकलं म्हणून काढतेय. चंदनझिऱ्याला खोली बघितली, अर्धं भाडं मी देते, अर्धं ते. तरी एकजण गावी निघून गेला. परत येतो म्हणाला होता, अजून आलेला नाही. दिवाळीत काका मला म्हणाले, "बघ, तुझ्या नियमाने एका पोराची रोजी गेली." हे वाक्य खोटं नाही. मी त्यावर खूप विचार केलाय आणि माझ्याकडे त्याला चटकन देण्यासारखं उत्तर नाही. खोलीचं भाडं धरून पगार आधीपासून दिला असता तर तो गेला नसता, इतकंच म्हणू शकते. म्हणजे परत चूक माझीच.

आता स्थिती अशी. माल खाली आलाय, आणि त्याच्यामुळे खाली चालायला वाट नाही. नकाशा नव्याने काढलाय, त्यात माळा पहिल्यांदाच दिसतो, तुटक रेषांत नाही, पक्क्या रेषांत, 'मेझनाइन, हिशेब व बैठक' अशा नावाने. गोदाम म्हणून तो वापरायचा नाही आणि झोपायला तर नाहीच, हे इंजिनीअरांनी लिहून घेतलंय. अर्ज आत गेलाय. जे शुल्क आणि जो दंड निघेल तो भरणार. मंजूर होईल की नाही हे आज सांगता येत नाही, आणि नाही झाला तर उतरवू, तो परत न चढवण्यासाठी.

काका दिवाळीनंतर महिनाभर शेडवर आले नाहीत. परवा आले. खांबांचे खड्डे उकरलेले होते, त्यांच्या कडेने जपून चालत जिन्यापाशी गेले, वर बघत राहिले. मी काही बोलले नाही. खाली ठेवलेल्या सामानात त्यांनी जरा शोधाशोध केली, मग विचारलं, "इथला माठ कुठंय?" माठ ऑफिसात होता, मी दाखवला. त्यांनी तो खालची बाजू चाचपून बघितला, पाझरतो का म्हणून, आणि मिस्त्रीला हाक मारून विचारलं की खड्डा किती फूट घेतोयस. मिस्त्री म्हणाला चार. काका म्हणाले, "काळी माती आहे, पाच घे."